अमेरिकेतल्या सुट्ट्या: नव्याने आलेल्यांचे (आणि यायच्या तयारीत असलेल्यांचे) नेहमीचे प्रश्न

दर ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांची नवी बॅच येते, मे-जूनमध्ये कुणाचे ना कुणाचे आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात, आणि मग तेच प्रश्न पुन्हा सुरू होतात. आज बँक बंद का, सोमवारी कसली सुट्टी, थँक्सगिव्हिंगला जेवायला बोलावलंय तर काय न्यायचं. म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढावं. मला स्वतःला या सुट्ट्यांबद्दल फार आस्था आहे आणि नुसता लाँग वीकेंड म्हणून त्या निघून जातात याचं वाईट वाटतं, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

अमेरिकेत एकूण सरकारी सुट्ट्या किती?

फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या ११. नवीन वर्ष १ जानेवारी, मार्टिन लूथर किंग डे जानेवारीचा तिसरा सोमवार, प्रेसिडेंट्स डे फेब्रुवारीचा तिसरा सोमवार, मेमोरियल डे मेचा शेवटचा सोमवार, जूनटीन्थ १९ जून, स्वातंत्र्यदिन ४ जुलै, लेबर डे सप्टेंबरचा पहिला सोमवार, कोलंबस डे ऑक्टोबरचा दुसरा सोमवार, व्हेटरन्स डे ११ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरचा चौथा गुरुवार आणि ख्रिसमस २५ डिसेंबर. शिवाय दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीला २० जानेवारीला सुट्टी असते, पण ती फक्त वॉशिंग्टन डीसी आणि आसपासच्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना.

म्हणजे या ११ दिवशी सगळ्यांना सुट्टी?

नाही, आणि इथेच आपल्याकडून आलेल्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. कायद्याने ही सुट्टी फक्त केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना लागू आहे. राज्यं आपापल्या सुट्ट्या स्वतः ठरवतात, आणि खासगी कंपनीवर तर सुट्टी द्यायचं किंवा त्या दिवशी काम केल्याबद्दल जास्त पगार द्यायचं केंद्रीय कायद्याने कसलंच बंधन नाही. देतात त्या कंपनीच्या पॉलिसीने किंवा युनियनच्या कराराने देतात. ऑफिसवाल्यांना साधारण न्यू इयर, मेमोरियल डे, ४ जुलै, लेबर डे, थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमस या सहा सुट्ट्या बहुतेक ठिकाणी मिळतात, बाकीच्या कंपनीवर अवलंबून. काही कंपन्या एक-दोन फ्लोटिंग हॉलिडे देतात, ते आपण हवे तेव्हा घ्यायचे, दिवाळीला किंवा गणपतीला ते फार कामी येतात. जॉइन व्हायच्या आधी एचआरकडून हॉलिडे कॅलेंडर मागून घ्या, त्यात अवघडण्यासारखं काही नाही.

आणि हेही लक्षात असू द्या की तुमच्या लाँग वीकेंडला दुकानात, पेट्रोल पंपावर, हॉस्पिटलमध्ये, रेस्टॉरंटमध्ये कुणीतरी काम करत असतंच. त्या दिवशी टिप थोडी जास्त ठेवा.

बऱ्याच सुट्ट्या सोमवारीच कशा येतात?

१९६८ मध्ये युनिफॉर्म मंडे हॉलिडे अ‍ॅक्ट नावाचा कायदा झाला, तो १९७१ पासून लागू झाला. लोकांना सलग तीन दिवस मिळावेत, प्रवास करता यावा, कामाच्या आठवड्याच्या मधेच खंड पडू नये, अशी ती कल्पना. वॉशिंग्टनचा वाढदिवस (म्हणजेच प्रेसिडेंट्स डे), मेमोरियल डे, कोलंबस डे हे सगळे तेव्हा सोमवारला बांधले गेले. व्हेटरन्स डे पण ऑक्टोबरमधल्या सोमवारी हलवला होता, पण ते लोकांना अजिबात पटलं नाही, ११ नोव्हेंबर म्हणजे पहिलं महायुद्ध थांबलं तो दिवस, तो तुम्ही सोयीसाठी कसा हलवता असं म्हणून बऱ्याच राज्यांनी जुनीच तारीख पाळली आणि शेवटी १९७८ पासून तो परत ११ नोव्हेंबरला आला. मला ही गोष्ट फार आवडते.

तारखेची सुट्टी शनिवार-रविवारी आली तर बुडते का?

केंद्रीय कर्मचाऱ्यांची बुडत नाही. शनिवारी आली तर आदल्या शुक्रवारी, रविवारी आली तर सोमवारी. बँकांचं मात्र वेगळं, शनिवारच्या सुट्टीसाठी फेडरल रिझर्व्ह, म्हणजे इथली मध्यवर्ती बँक, आदल्या शुक्रवारी बंद नसते त्यामुळे बँका बहुतेक उघड्या असतात.

बंद काय असतं, उघडं काय असतं?

पोस्ट, फेडरल कोर्ट, इमिग्रेशनची ऑफिसं, सोशल सिक्युरिटीचं ऑफिस आणि जवळपास सगळ्या बँका अकराही दिवस बंद. डीएमव्ही म्हणजे लायसन्सचं ऑफिस हे राज्याचं, त्यामुळे राज्याची यादी बघा. शाळा डिस्ट्रिक्टप्रमाणे. शेअर बाजार कोलंबस डे आणि व्हेटरन्स डेला चालू असतो, उलट गुड फ्रायडेला बंद असतो जी फेडरल सुट्टीच नाही. दुकानं बहुतेक सुट्ट्यांना उघडी, उलट सेल लागलेले असतात. अपवाद मुख्यतः दोन, थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमस, या दोन दिवशी वॉलमार्ट, टार्गेट, कॉस्टको सगळं बंद. दूध, ब्रेड, बाळाची औषधं आदल्या दिवशीच आणून ठेवा. इंडियन ग्रोसरीवाले बरेचदा उघडं ठेवतात पण फोन करून जा.

भारतातून व्हिसाचं काम असेल तर मुंबईचं अमेरिकन कॉन्सुलेट अमेरिकन सुट्ट्यांनाही बंद असतं आणि आपल्याकडच्या ठरलेल्या सुट्ट्यांनाही. पासपोर्ट कधी परत येईल याचा हिशोब करताना दोन्ही कॅलेंडर समोर ठेवा.

नवीन वर्षाला काय करतात?

३१ च्या रात्री न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला दिव्यांचा मोठा बॉल खांबावरून खाली येतो, १९०७ पासून ही प्रथा आहे, फक्त १९४२ आणि १९४३ ला युद्धामुळे शहरातले दिवे मंद ठेवायचे होते म्हणून झाला नाही. तिथे प्रत्यक्ष जायचं असेल तर दुपारपासून कुंपणात उभं राहावं लागतं, थंडीत, टॉयलेट नाही, एकदा बाहेर पडलात की जागा गेली. लहान मुलं किंवा आई-बाबा बरोबर असतील तर मी सरळ नको म्हणेन, टीव्हीवर बघा. १ तारखेला कॅलिफोर्नियात पॅसाडिनाला फुलांच्या रथांची रोझ परेड असते, ती सकाळी टीव्हीवर बघायला छान वाटते. आणि दक्षिणेकडच्या राज्यांत वर्षाच्या पहिल्या दिवशी नशीब चांगलं जावं म्हणून ब्लॅक आइड पीज खातात, म्हणजे आपली चवळीच, बरोबर भात आणि हिरवी पालेभाजी. आपल्याला यात नवीन काही शिकायचं नाही, चवळीची उसळ करा आणि शेजाऱ्यांना द्या, ते खूश होतात.

मार्टिन लूथर किंग डेला नेमकं करायचं काय?

काळ्या लोकांच्या समान हक्कांसाठी लढलेल्या किंग यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ चा. १९६८ मध्ये त्यांची हत्या झाल्यावर लगेच या सुट्टीची मागणी सुरू झाली पण कायदा व्हायला १९८३ उजाडलं, राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केली, १९८६ ला पहिल्यांदा सुट्टी मिळाली आणि सगळ्या ५० राज्यांनी ती मान्य करायला आणखी बरीच वर्षं गेली, अगदी २००० पर्यंत. अ‍ॅरिझोनातल्या मतदारांनी १९९० मध्ये ही सुट्टी नाकारली तर १९९३ चा सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, तिथून काढून कॅलिफोर्नियाला नेला होता. एवढ्या भांडणातून मिळालेली सुट्टी आहे ही.

या दिवशी कुठेतरी सेवेचं काम करायची पद्धत आहे. फूड बँकेत डबे भरणं, शाळेच्या भिंती रंगवणं, पार्क साफ करणं. टाऊनच्या वेबसाइटवर किंवा लायब्ररीत आठवडाभर आधी नोटीस लागते, नाव नोंदवा आणि जा. नवीन गावात माणसं ओळखीची करून घ्यायला याच्यापेक्षा सोपा रस्ता मला तरी माहीत नाही. मुलांना सांगायला एक आपली गोष्टही आहे: किंग १९५९ मध्ये महिनाभर भारतात आले होते आणि मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात राहिले होते, गांधीजी जिथे राहायचे तिथेच. माटुंगा-दादरला वाढलेली आपली कितीतरी मंडळी मणिभवन न बघता इकडे येतात, पुढच्या भारतवारीत मुलांना घेऊन जा.

प्रेसिडेंट्स डे म्हणजे सगळ्या राष्ट्राध्यक्षांचा?

लोक तसं म्हणतात, पण केंद्राच्या कायद्यात अजूनही नाव पहिले राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांचा वाढदिवस हेच आहे. गंमत बघा, त्याचा वाढदिवस २२ फेब्रुवारी आणि तिसरा सोमवार कधीच २१ च्या पुढे जात नाही, त्यामुळे खऱ्या वाढदिवशी ही सुट्टी कधी येतच नाही. उत्तरेकडे बऱ्याच शाळांना हा अख्खा आठवडा सुट्टी असते, लोक स्कीइंगला जातात. गाद्या आणि गाड्यांचे सेल. बाकी विशेष काही नाही.

मेमोरियल डे आणि व्हेटरन्स डे एकच ना? दोन्ही सैनिकांचेच.

एक नाहीत, आणि एवढा फरक तरी इथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावा असं मला मनापासून वाटतं. मेमोरियल डे हा लढताना मेलेल्यांसाठी. व्हेटरन्स डे हा सैन्यात सेवा केलेल्या सगळ्यांसाठी, मुख्यतः जे आज आपल्यात आहेत त्यांचे आभार मानायला. म्हणून व्हेटरन्स डेला कुणा माजी सैनिकाला ‘थँक यू फॉर युअर सर्व्हिस’ म्हणणं बरोबर आहे, पण मेमोरियल डेला ‘हॅपी मेमोरियल डे’ म्हणू नका. समोरच्याचा भाऊ किंवा मुलगा गेलेला असू शकतो. ‘हॅव अ गुड वीकेंड’ एवढं पुरे.

मेमोरियल डेची सुरुवात सिव्हिल वॉरनंतरची, म्हणजे गुलामीवरून उत्तर आणि दक्षिणेत झालेल्या यादवी युद्धानंतरची. त्या युद्धात सहा लाखांहून जास्त सैनिक गेले, गावोगाव थडगी, आणि लोक वसंतात जाऊन त्यांच्यावर फुलं घालायला लागले. साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनला १ मे १८६५ ला गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांनी युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूच्या, मेलेल्या सैनिकांच्या कबरी नीट करून तिथे मोठी मिरवणूक काढली होती, हे बरीच वर्षं कुणाच्या लक्षातच नव्हतं. १८६८ ला जनरल लोगन यांनी ३० मे ही तारीख जाहीर केली आणि डेकोरेशन डे नाव पडलं. आता या दिवशी झेंडा दुपारी बारापर्यंत अर्ध्यावर असतो मग पूर्ण वर चढवतात, दुपारी तीनला एक मिनिट शांतता पाळायची असते. अर्लिंग्टनच्या राष्ट्रीय कब्रस्तानात सुट्टीच्या आधी सैनिक अडीच लाखांहून जास्त कबरींपुढे एक एक छोटा झेंडा रोवतात, प्रत्येक झेंडा दगडापासून बरोबर बुटाच्या लांबीएवढ्या अंतरावर.

पण अर्लिंग्टनलाच जायला पाहिजे असं नाही. आमच्या न्यूजर्सीच्या छोट्या टाऊनमध्ये म्युनिसिपल बिल्डिंगपुढे एक दगड आहे, त्यावर पहिल्या महायुद्धापासूनची गावातली नावं. सोमवारी सकाळी शे-दीडशे माणसं जमतात, खुर्च्या फक्त म्हाताऱ्यांसाठी, हायस्कूलचा बँड असतो, फायर ब्रिगेडची गाडी बाजूला उभी. एक जण नाव वाचतो आणि दुसरा घंटा वाजवतो. नाव, घंटा, नाव, घंटा. काही आडनावं दोनदा येतात, सख्खे भाऊ असणार. शेवटी एक पोरगा ट्रम्पेटवर टॅप्स वाजवतो, फक्त २४ सुरांची धून आहे ती, आणि त्यानंतर कुणी टाळ्या वाजवत नाही. मग सगळे घरी जाऊन ग्रिल पेटवतात. सुरुवातीला मला हे दोन्ही एकाच दिवशी कसं जमतं असं वाटायचं, आता तसं वाटत नाही, सकाळी तासभर तिथे उभं राहिलं की दुपारचं जेवण जास्त नीट जेवलं जातं.

बाकी मेमोरियल डे म्हणजे उन्हाळ्याची अनधिकृत सुरुवात. टाऊनचे स्विमिंग पूल उघडतात, समुद्रावर गर्दी, इंडियानापोलिसची ५०० मैलांची कार रेस आदल्या रविवारी असते. आणि व्हेटरन्स डेला अनेक रेस्टॉरंट्स माजी सैनिकांना फुकट जेवण देतात.

जूनटीन्थ ही नवीन सुट्टी कसली?

फेडरल सुट्टी म्हणून नवीन, २०२१ पासूनची. सण मात्र दीडशे वर्षांचा आहे. लिंकनने गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ ला काढला, पण बंडखोर राज्यांत युनियनचं सैन्य पोचेपर्यंत त्याचा उपयोग नव्हता आणि टेक्सास सगळ्यात लांब. तिथे गॅल्व्हस्टन बंदरात १९ जून १८६५ ला जनरल ग्रेंजर यांनी हुकूम काढला की सगळे गुलाम मुक्त आहेत. अडीच वर्षं उशिरा! टेक्सासमध्ये तेव्हा साधारण अडीच लाख माणसं गुलामीत होती. पुढच्या वर्षापासूनच तिथले लोक हा दिवस साजरा करायला लागले, जागा देत नाहीत म्हणून ह्यूस्टनमध्ये काळ्या लोकांनी १८७२ ला वर्गणी काढून स्वतःची जमीन घेतली, ती एमॅन्सिपेशन पार्क म्हणून आजही आहे.

पार्कात बार्बेक्यू, गॉस्पेल गाणी, जाहीरनाम्याचं वाचन, आणि खाण्यात लाल रंग: स्ट्रॉबेरी सोडा, कलिंगड, लाल केक. लाल म्हणजे सांडलेल्या रक्ताची आठवण असं बरेच जण सांगतात. आपण गेलं तर चालतं का असं विचारतात, तर हो, सार्वजनिक कार्यक्रमाला जरूर जा, स्टॉलवरून काहीतरी विकत घ्या, ऐका.

४ जुलैला काय काय बघायचं? आई-बाबा इथे आहेत.

आई-बाबांना दाखवायला हा सगळ्यात छान दिवस. तुमच्या टाऊनमध्ये किंवा शेजारच्या टाऊनमध्ये सकाळी परेड असेल. लोक पहाटेच रस्त्याच्या कडेला रिकाम्या फोल्डिंग खुर्च्या मांडून जातात आणि कुणी त्या उचलत नाही, आईला याचंच सगळ्यात जास्त नवल वाटेल. परेडमध्ये शाळेचे बँड, जुन्या मोटारी, फायर ट्रक, स्काउटची पोरं, माजी सैनिक, ट्रकवरून मुलांसाठी गोळ्या-चॉकलेट टाकतात. ऱ्होड आयलंडच्या ब्रिस्टल गावात १७८५ पासून हा उत्सव चालू आहे, देशातला सगळ्यात जुना. जमलं तर तो बघा.

दुपारी बार्बेक्यू. हॉट डॉग, बर्गर, भाजलेलं मक्याचं कणीस, बटाट्याचं सॅलड, कलिंगड. शाकाहारी असाल तर व्हेजी बर्गरचं पाकीट आणि स्वतःची फॉइल घेऊन जा, जाळीवर मांसाशेजारी नको असेल तर फॉइलवर भाजून द्या म्हणून सांगा, कुणी वाईट मानत नाही. कणसाला मीठ-लिंबू-तिखट लावून द्या एकदा, पुढच्या वर्षी तुम्हालाच त्याची फर्माईश होईल.

फटाके रात्री, आणि रात्री म्हणजे नऊ-सव्वानऊनंतर कारण उजेडच तोपर्यंत असतो. चादर, डासांचं स्प्रे, पातळ स्वेटर घ्या, गाडी लांब लावा पण बाहेर पडायच्या तोंडाशी लावा. बॉस्टनला चार्ल्स नदीकाठी ऑर्केस्ट्रा असतो, न्यूयॉर्कला मेसीज या मोठ्या दुकानाचे फटाके १९७६ पासून आहेत. घरी फटाके उडवायचे की नाही हे राज्याचा कायदा बघूनच ठरवा. मॅसॅच्युसेट्समध्ये तर फुलबाजीसुद्धा चालत नाही. दिवाळीला उरलेले वापरू म्हणून दुसऱ्या राज्यातून डिकीत भरून आणणं हाही काही ठिकाणी गुन्हा आहे.

इतिहासाचं म्हणाल तर स्वातंत्र्याचा ठराव खरंतर २ जुलै १७७६ ला मंजूर झाला, ४ ला जाहीरनाम्याचा मजकूर. तो मजकूर लिहिणारे जेफरसन आणि त्यासाठी भांडणारे जॉन अ‍ॅडम्स दोघंही एकाच दिवशी वारले, ४ जुलै १८२६, बरोबर ५० वर्षांनी. जेफरसनच्या व्हर्जिनियातल्या घरी, माँटिचेलोला, दरवर्षी ४ जुलैला नव्या नागरिकांचा शपथविधी होतो. ओळखीचं कुणी शपथ घेणार असेल तर जरूर जा.

१ मे कामगार दिन, मग इथे लेबर डे सप्टेंबरमध्ये का?

आणि १ मेचं मूळ तर इथलंच! आठ तासांच्या दिवसासाठी १ मे १८८६ ला अमेरिकेत मोठा संप झाला, शिकागोत ४ तारखेला हेमार्केट चौकात बॉम्ब फुटला, पोलीस आणि कामगार मेले, पुढे कामगार पुढाऱ्यांना फाशी झाली. त्या संपाच्या आठवणीत जगाने १ मे घेतला, आणि आपल्याकडे तर १९६० पासून तोच महाराष्ट्र दिन. अमेरिकेत मात्र न्यूयॉर्कच्या युनियन्सनी ५ सप्टेंबर १८८२ ला परेड काढलेली होती, आणि १८९४ मध्ये पुलमन रेल्वे डब्यांच्या कामगारांचा संप चिघळलेला असताना राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी सप्टेंबरच्या सुट्टीवर सही केली, मे महिना जहाल लोकांचा वाटायचा म्हणून. सही केली आणि पुढच्याच आठवड्यात संप मोडायला सैन्य पाठवलं. आज लेबर डे म्हणजे उन्हाळा संपला, पूल बंद, शाळा सुरू. युनियनच्या परेड काही शहरांत अजून निघतात.

कोलंबस डे की इंडिजिनस पीपल्स डे?

तुमच्या गावच्या कॅलेंडरवर जे असेल ते. केंद्राच्या यादीत कोलंबस डे आहे, कित्येक राज्यं आणि शहरं त्याऐवजी किंवा त्याबरोबर मूळ रहिवाशांचा दिवस पाळतात, साउथ डकोटाने १९९० मध्ये आणि बर्कलीने १९९२ मध्ये सुरुवात केली. दोन्ही बाजूंचं दुखणं खरं आहे. १८९१ ला न्यू ऑर्लिन्समध्ये जमावाने ११ इटालियन लोकांना मारलं होतं, इटालियन लोकांना इथे कुणी माणूस समजत नव्हतं तेव्हा कोलंबस हा त्यांचा मान होता. आणि मूळ रहिवाशांनी कोलंबसनंतर काय सोसलं ते सांगायला नको. माझं मत मूळ रहिवाशांच्या बाजूने आहे, पण इटालियन शेजाऱ्याच्या परेडला मी जाते.

हॅलोवीनला सुट्टी नसते?

नसते. तरी ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी लवकर घरी या, वेगवेगळे वेश घालून मुलं दारोदार चॉकलेटं मागायला येतात. नियम साधा: दारावरचा दिवा चालू म्हणजे या, बंद म्हणजे येऊ नका. फक्त कंपनीच्या पाकिटातली चॉकलेटं द्या, घरी केलेले लाडू-चिक्की अनोळखी मुलांना देऊ नका, आई-बाप टाकून देतात. शेंगदाणा नसलेलं काहीतरी वेगळं ठेवा, अ‍ॅलर्जी खूप मुलांना असते.

थँक्सगिव्हिंगला ऑफिसमधल्या मैत्रिणीने घरी बोलावलंय. काय न्यायचं, कसं वागायचं, मी शाकाहारी आहे.

आधी हे की, बोलावलंय तर जा. हा त्यांचा सगळ्यात घरचा सण आहे, कुठलाही धर्म असो, आणि घरच्या टेबलावर तुम्हाला जागा देणं ही साधी गोष्ट नाही.

वेळ नीट विचारा, कारण डिनर म्हणतात पण बऱ्याच घरी दुपारी दोन ते चारमध्येच बसतात. ‘मी काय आणू’ असं विचारा. काही नको म्हणाले तरी फुलं, पाय किंवा वाइन न्या. शाकाहारी आहात हे आठवडाभर आधीच सांगा आणि लगेच म्हणा की मी एक भाजीचा पदार्थ सगळ्यांना पुरेल एवढा आणते. टेबलावर काय चालेल ते सांगते. मॅश्ड पोटॅटो चालतो, पण त्यावरची ग्रेव्ही टर्कीच्या रसाची असते. स्टफिंग पावाचं दिसतं पण त्यात चिकनचं पाणी असतं किंवा ते टर्कीच्या पोटातच शिजवलेलं असतं. रताळ्याच्या कॅसरोलवर मार्शमेलो असतात, त्यात जिलेटिन. हिरव्या शेंगांचं कॅसरोल बहुतेक मशरूम सूपमधलं असतं, विचारून घ्या. क्रॅनबेरी सॉस चालतो. मक्याच्या ब्रेडमध्ये बहुतेक वेळा आणि पंपकिन पायमध्ये अंडं असतं. विचारलं तर डबा आणून त्यावर लिहिलेलं वाचून दाखवतात.

माझ्या शेजारी एक आजी राहतात, त्यांच्याकडे मुलं-नातवंडं, सुनेचे आई-वडील आणि आम्ही अशी पंगत असते. टर्की कापायचा मान थोरल्या मुलाचा. खायच्या आधी सगळे हात धरून एकेक जण या वर्षी कशाबद्दल आभार मानतो ते सांगतात, लहान पोरगं म्हणतं माझ्या कुत्र्याबद्दल, कुणी नोकरी टिकली म्हणून, एका वर्षी आजी म्हणाल्या केमो संपली. तयारी ठेवा, तुमची पाळी येते, दोन वाक्यं पुरतात. निघताना डबे भरून देतात, घ्या. रिकामा डबा परत करताना त्यात चकल्या घालून दिल्या की तुमचं जाणं-येणं कायमचं सुरू झालं समजा.

टीव्हीवर सकाळी मेसीजची परेड, १९२४ पासूनची, मग फुटबॉल, डेट्रॉइटची टीम १९३४ पासून या दिवशी खेळते. जेवणानंतर सगळे पेंगतात.

टर्की स्वतः करायची झाली तर?

फ्रोझन टर्की फ्रिजमध्येच वितळवा, दर चार-पाच पाउंडांना एक दिवस धरा, म्हणजे १५ पाउंडांची असेल तर रविवारी-सोमवारीच फ्रीझरमधून काढून खाली ठेवा. ओट्यावर ठेवून वितळवू नका. आत १६५ फॅरनहाइट व्हायला पाहिजे, थर्मामीटर घ्या. दही-आलं-लसूण-गरम मसाला लावून केलेली टर्की आपल्याकडे बऱ्याच घरी होते आणि छान होते.

थँक्सगिव्हिंगची गोष्ट खरी आहे का, पिलग्रिम आणि इंडियन (म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी) एकत्र जेवले ती?

जेवले हे खरं. १६२१ च्या शरद ऋतूत मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला इंग्रज वसाहतवाले (पिलग्रिम) आणि तिथले मूळ वांपनोआग लोक तीन दिवस एकत्र होते. पण पुढचं शाळेत सांगत नाहीत, पन्नास-पंचावन्न वर्षांत त्याच दोघांत भयानक युद्ध झालं आणि वांपनोआग जवळपास संपले. म्हणून १९७० पासून प्लिमथला त्याच गुरुवारी मूळ रहिवासी शोकदिन पाळतात. दरवर्षीचा राष्ट्रीय सण केला लिंकनने १८६३ मध्ये, ऐन युद्धात, आणि त्याच्यामागे सारा जोसेफा हेल नावाच्या संपादक बाईंचा कित्येक वर्षांचा पत्रव्यवहार होता. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने १९३९ मध्ये खरेदीला जास्त दिवस मिळावेत म्हणून तो आठवडाभर आधी आणला तर निम्म्या राज्यांनी ऐकलं नाही, शेवटी १९४१ मध्ये चौथा गुरुवार कायद्याने ठरला. मुलांना दोन्ही गोष्टी सांगा, मुलांना झेपतात.

ब्लॅक फ्रायडेला, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीच्या सेलला, पहाटे रांगेत उभं राहू का?

आता गरज नाही, तेच भाव ऑनलाइन आठवडाभर आधीपासून असतात. त्यासाठी गुरुवारचं जेवण अर्धवट टाकून उठू नका.

ख्रिसमसला कुणाला काय द्यायचं?

ऑफिसमध्ये सीक्रेट सँटा (चिठ्ठीत नाव येईल त्याला गुपचूप भेट द्यायची) असेल तर ठरलेल्या रकमेतच द्या, जास्त दिलं तर समोरचा अवघडतो. मुलांच्या टीचरला गिफ्ट कार्ड आणि मुलाने स्वतः लिहिलेलं कार्ड. पोस्टमनला रोख पैसे द्यायचे नाहीत, त्यांना नियमाने २० डॉलरपर्यंतची वस्तूच घेता येते. कपडे देताना गिफ्ट रिसीट घाला, बदलून घेणं इथे अपमान नाही. समोरचा काय मानतो माहीत नसेल तर ‘हॅपी हॉलिडेज’ म्हणा. संध्याकाळी गाडी काढून रोषणाईच्या गल्ल्या बघा, न्यूयॉर्कजवळ असाल तर ब्रुकलिनचं डायकर हाइट्स. खरं झाड आणलंत तर रोज पाणी घाला, वाळलं की भुर्रकन पेट घेतं, आणि जानेवारीत टाऊनवाले ते कधी उचलतात ती तारीख बघून ठेवा.

दिवाळीला कुठे सुट्टी मिळते का?

हळूहळू मिळायला लागली आहे. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळा १ नोव्हेंबर २०२४ ला पहिल्यांदा दिवाळीसाठी बंद होत्या. पेनसिल्व्हेनियाने २०२४ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये कायदा करून दिवाळीला राज्याच्या सणांत घेतलं, पण त्याचा अर्थ तुमच्या ऑफिसला सुट्टी असा नाही. न्यूजर्सीत बऱ्याच स्कूल डिस्ट्रिक्ट देतात. नसेल तर शाळेला चिठ्ठी द्या, धार्मिक सुट्टी म्हणून गैरहजेरी माफ होते. आणि बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या मीटिंगला जाऊन बोला, कॅलेंडर तिथेच ठरतं, आलेल्या दहा पालकांचंही ऐकलं जातं. गणपती-संक्रांत मंडळात जवळच्या शनिवारी होतात, घरचा गणपती मात्र आपण तिथीलाच बसवतो.

मी पुण्यातून अमेरिकन क्लायंटचं काम बघते. आम्हाला यातलं काय माहीत पाहिजे?

थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात बुधवार दुपारनंतर कुणी सापडणार नाही, सही-मंजुरी मंगळवारपर्यंत घ्या. रिटेल आणि बँकवाले नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत कोड फ्रीझ करतात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये नवे बदल थांबवतात, रिलीज त्याच्या आधी बसवा. २४ डिसेंबर ते १ जानेवारी अर्धी टीम रजेवर असते. ४ जुलैच्या आठवड्याचंही तसंच. आणि सपोर्टची ड्युटी तुमच्याकडे येणारच, तर ती दिवाळीच्या बदल्यात मागून घ्या: आम्ही तुमचा ख्रिसमस सांभाळतो, तुम्ही आमचं लक्ष्मीपूजन सांभाळा. सप्टेंबरमध्येच मेल टाकून ठेवा, नोव्हेंबरमध्ये उशीर होतो.